लॅपटॉपचा सुटा भाग

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण सभासद आला. इमारतींचे आराखडे आणि त्यांची रंगीत त्रिमिती चित्रे संगणकावर काढून देण्याचे काम तो नगावर करतो. यंत्र त्याचे, वीज त्याची, खोली त्याची. मालकाचे फक्त काम. भिजलेली छत्री कोपऱ्यात ठेवून त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि विचारले, "भाऊ, याचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का हो?"

त्याची अडचण साधी होती. कंत्राटदाराने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती वापरण्याची अट घातली होती. चार वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला लॅपटॉप सर्व अंगांनी धडधाकट होता; पडदा स्वच्छ, कळा शाबूत, हप्तेही नुकतेच फिटलेले. फक्त चित्र घडविणारा जो भाग असतो तो नव्या आवृत्तीला पुरा पडत नव्हता. तेवढाच काढून दुसरा बसविता आला असता तर काम निभले असते. नवा लॅपटॉप म्हणजे त्याची चार महिन्यांची कमाई.

आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण रात्रीच्या वर्गात, वाचनालयात आणि ज्यांच्या हातात पाना-पकड असते अशा माणसांच्या संगतीत झाले. म्हणून त्या पोराला घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. एका जिन्याखालच्या दुकानात दुरुस्ती करणाऱ्या माणसाने पाठ उघडली, डोळ्याला भिंग लावले आणि एका काळ्या चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हे झाळलेलं आहे. निघालं तर बोर्डासकट निघेल." बस, एवढेच. त्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला. आमच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. कारण झाळणारा कोणीतरी असतो, आणि झाळण्यापूर्वी ती वस्तू सुटी असणार. ती सुटी केव्हा होती, कोणी झाळली आणि कशासाठी, हा इतिहासाचा प्रश्न आहे. पुढील वर्षभर मिळेल त्या सवडीने आम्ही त्याचा माग काढला, तो येथे मांडीत आहोत.

प्रथम हा भाग करतो काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात. एकंदर २० लाख ७३ हजार ६००. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. हे काम संगणकाच्या मुख्य मेंदूवर टाकले तर तो दुसरे काही करू शकणार नाही. म्हणून त्यासाठी वेगळा कारागीर ठेवावा, हजारो लहान हातांनी एकदम एकच साधे काम करणारा, अशी ही व्यवस्था आहे. गिरणीची उपमा द्यायची तर मुख्य प्रोसेसर हा एक कुशल जॉबर, आणि ग्राफिक्सची चिप म्हणजे आख्खे रिंग खाते.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा या कारागिराला स्वतंत्र कार्डावर बसविले होते. पेटीच्या आत पाच खाचा होत्या. अक्षरेच हवी असतील तर एक कार्ड, रंग हवे असतील तर दुसरे. पहिल्यावर ओळीत ऐंशी अक्षरे आणि पंचवीस ओळी दिसत, चित्र मुळीच काढता येत नसे. दुसऱ्यावर चित्र निघे, पण आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, आणि रंग एका वेळी चार. दोन्ही कार्डे ओबडधोबड होती. महत्त्वाची गोष्ट कार्डांची नव्हे, खाचेची आहे. आय.बी.एम.ने त्या खाचेचा संपूर्ण तपशील, विजेच्या जोडणीच्या आकृत्यांसह, छापून विकावयास ठेवला. ज्याला वाचता येत होते त्याला कार्ड बनविता येत होते.

याचा परिणाम काय झाला पाहा. व्हॅन सुवन्नुकुल नावाचा एक थायलंडचा गृहस्थ त्या वेळी अमेरिकेत आपला प्रबंध लिहीत होता. त्याला थाई लिपीत लिहावयाचे होते. आय.बी.एम.चे अक्षरी कार्ड थाई लिपी जाणत नव्हते, आणि रंगीत कार्डाचे ठिपके इतके जाड की लिपीचे वळण ओळखू येऊ नये. मग त्याने स्वतःच कार्ड तयार केले. त्यावर आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके उमटत. हेच ते १९८२ साली निघालेले हर्क्युलिस कार्ड. पुढे जगभरच्या कचेऱ्यांत ते इतके खपले की त्याची नक्कल करणारे कारखाने निघाले. आपल्या मातृभाषेत लिहू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याला जगातील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीची परवानगी मागावी लागली नाही. खाच उघडी होती, तो आत शिरला.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम चालले होते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तिकडे आले. त्यातून 'जिस्ट' कार्ड निघाले. पर्सनल कॉम्प्युटरच्या खाचेत हे कार्ड बसविले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येच देवनागरी अक्षरे उमटू लागत. प्रोग्रॅमच्या कर्त्याला त्याची गंधवार्ताही नसे. सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत मराठी संगणकावर आली ती पुष्कळ अंशी त्या एका हिरव्या पाटीच्या जोरावर. त्या काळी आमच्या युनियनची पत्रके ज्या छापखान्यात निघत तेथील खिळे जुळविणारा माणूस त्या संगणकासमोर आम्ही पाहिला आहे. त्याची नोकरी त्या पाटीने खाल्ली की वाचविली, याबद्दल त्याचे स्वतःचे मत दर महिन्याला बदलत असे. ते असो. आमचा मुद्दा असा की खाच ही केवळ तांत्रिक सोय नव्हे; ज्यांचा विचार यंत्र बनविणाऱ्याने केलेला नाही, त्यांच्यासाठी ठेवलेले ते दार आहे.

आता उचलून नेण्याच्या संगणकाकडे वळू. १९८१ साली ऑस्बोर्न-१ नावाचे यंत्र आले. त्याचे वजन सुमारे ११ किलो, म्हणजे उचलून नेण्याचे म्हणावयाचे ते हमालाच्या हिशेबाने. पुढच्या वर्षी कॉम्पॅक कंपनीने आपले यंत्र जाहीर केले; ते आणखी जड, पण त्यात आय.बी.एम.च्या जातीच्या खाचा शाबूत होत्या. याच १९८२ साली ग्रिड कंपास हे यंत्र निघाले. पुस्तकाप्रमाणे मिटणारे, पडदा झाकणाला लावलेला. आजचा प्रत्येक लॅपटॉप या वंशातला. १९८५ साली तोशिबाने टी-११०० काढला आणि लॅपटॉप सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागला. या चारपाच वर्षांत वजन उतरत गेले आणि वजनाबरोबर खाचाही गेल्या. येथे कोणाचा कट होता असे आम्ही म्हणणार नाही. कामगार चळवळीतल्या माणसाला सगळीकडे कट दिसतो असा आमच्यावर आरोप असतो, म्हणून हे स्पष्ट सांगितले. पेटीतले कार्ड उभे राहते, त्याला वीतभर उंची लागते. मांडीवरच्या यंत्राला एवढी उंची नाही. त्याला पंखा लागतो, आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला पंखा म्हणजे भोक पडलेला रांजण.

काहींनी मध्यममार्ग शोधला. ॲपलने १९९२ साली 'पॉवरबुक ड्युओ' हा हलका लॅपटॉप काढला आणि त्याच्यासाठी टेबलावर ठेवावयाची एक मोठी पेटी दिली. घरी आल्यावर लॅपटॉप त्या पेटीत कॅसेटप्रमाणे सरकवावयाचा. पेटीत दोन खाचा, त्यात हवे ते चित्रकार्ड. कल्पना चांगली होती, किंमत श्रीमंतांची होती.

यानंतरची दहाबारा वर्षे फारशी बोलण्यासारखी नाहीत. चिपा सुधारल्या, पडदे रंगीत झाले, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये चित्राची चिप मुख्य बोर्डावरच झाळलेली राहिली. कथा पुन्हा रंगते ती २००४ साली.

त्या वर्षी एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपसाठी सुट्या ग्राफिक्स पाटीचा एक मापदंड जाहीर केला. त्याचे नाव एम.एक्स.एम. तिची प्रतिस्पर्धी एटीआय हिनेही 'ॲक्सिऑम' नावाने आपला वेगळा मापदंड पुढे केला, पण तो टिकला नाही, आणि पुढे २००६ साली एटीआयला ए.एम.डी. कंपनीने विकत घेतले. एम.एक्स.एम. मात्र चालला. पुढच्या सुधारलेल्या आवृत्तीत पाटीची दोन मापे ठरली: धाकटी ८२ गुणिले ७० मिलिमीटर, थोरली ८२ गुणिले १०५. तळहातात मावेल एवढी पाटी, तिच्या एका कडेला सोनेरी दात, ती तिरकी घालून खाली दाबावयाची आणि दोन स्क्रू पिळावयाचे. ज्याने रॅम बदलली आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. जाहिरात अशी होती की आता मेजावरच्या संगणकाप्रमाणे लॅपटॉपचेही कार्ड बदलता येईल.

आणि काहींना खरोखरच बदलता आले. तैवानची क्लेव्हो कंपनी जे लॅपटॉप बनवी आणि इतरांच्या नावाने विकू देई, त्यांच्या मालकांनी एका पिढीची पाटी काढून पुढच्या पिढीची बसविली. ॲपलच्या २००९ ते २०११ च्या आयमॅक यंत्रांतही हीच पाटी होती. ते लॅपटॉप नव्हेत, पण त्यांची आतली घडण त्याच जातीची. आणि कंपनीने हात झटकल्यावरही कित्येक वर्षे हौशी लोकांनी त्यांत नव्या पाट्या घालून ती चालू ठेवली. मग अडले कोठे? लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या गुरूंनी जुन्या पाट्यांचा एक डबाच आमच्यासमोर ओतला आणि एकेक उचलून दाखविली.

मापदंडाने दात ठरविले, पाटीची लांबीरुंदी ठरविली. पण चिपची उष्णता वाहून नेणारी जी तांब्याची चपटी नळी असते, ती प्रत्येक कारखान्याने आपल्या साच्याची केली. दात जुळतात, आणि नळी चिपवर टेकतच नाही. किंवा टेकते, पण शेजारच्या मेमरीवर अधांतरी राहते. दुसरी अडचण बायॉसची, म्हणजे यंत्र जागे होताना चालणाऱ्या मूळ आज्ञांची. कित्येक कंपन्यांच्या बायॉसने अनोळखी पाटी दिसली की पंखा चालवावयाचा नाही, नाहीतर पडदाच उघडावयाचा नाही, अशी रीत ठेवली. तिसरी अडचण विजेची. चार्जर जेवढ्या पाटीसाठी दिला तेवढेच खायला घालणार. या तिन्हींपेक्षा आमच्या मते चौथी मोठी होती: ही पाटी दुकानात मिळतच नसे. मेजावरच्या संगणकाचे कार्ड खोक्यात घालून, हमीपत्रासह, कोणत्याही गल्लीत विकले जाते. एम.एक्स.एम.ची पाटी कारखान्याकडून कारखान्याकडे जाई. सामान्य माणसाच्या हाती ती लागे ती मोडीत निघालेल्या दुसऱ्या लॅपटॉपमधून. ज्या सुट्या भागाला किरकोळ बाजार नाही तो मालकासाठी सुटा नव्हे. तो कारखानदारासाठी सुटा. एकच बोर्ड बनवावयाचा, त्यावर स्वस्त किंवा महाग पाटी लावावयाची आणि दोन किमतींना विकावयाचा, ही सोय त्याला हवी होती व ती त्याला मिळाली.

येथे आम्हाला गिरणीची आठवण होते. आमचे वडील रिंग खात्यात होते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत दोन दोन पिढ्या चालली. चाती झिजली की चाती बदलत, रिंग झिजली की रिंग, आणि ट्रॅव्हलर हा तर किलोने येणारा माल. गिरणीचा फिटर आपल्या हाताने हे करी, आणि लागलाच तर भाग गिरणीच्याच कारखान्यात घडवून घेई. मालक काही धर्मात्मे नव्हते. नवी यंत्रे न घेता जुन्यांतून शेवटचा धागा काढला, हा त्यांच्यावरचा आरोप योग्यच आहे. पण यंत्र उघडण्याचा अधिकार यंत्र विकणाऱ्याकडे राहिलेला नव्हता, हेही तितकेच खरे.

२००८ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखविला. त्या दिवसापासून पातळपणा हा मुख्य गुण ठरला. आणि जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की तिच्या लॅपटॉपच्या काही चिपा चिपखालच्या जोडणीतील कच्च्या मालामुळे निकामी होत आहेत, आणि त्याच्या भरपाईसाठी ती १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवीत आहे. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. दर वेळी खालचे बारीक डाख किंचित ताणले जातात आणि अखेर तडकतात. अनेक नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये त्या चिपा होत्या. अमेरिकेत सामुदायिक दावा झाला आणि २०१० साली काही ग्राहकांना भरपाई देण्याची तडजोड झाली. मुंबईच्या ग्राहकाला काय मिळाले? त्याला लॅमिंग्टन रोड मिळाला.

या कारागिरांबद्दल चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण संगणकाच्या इतिहासात त्यांचे नाव कोणी घालणार नाही. चिप उपटून तिच्या पोटावरचे शेकडो डाखाचे मणी साफ करावयाचे, पत्र्याच्या चाळणीतून नवे मणी एकेक जागी बसवावयाचे, मग खालून-वरून मोजकी उष्णता देऊन चिप पुन्हा बोर्डावर उतरवावयाची. याला ते रीबॉलिंग म्हणतात. दहा अंश कमी तर मणी धरत नाही, वीस अंश अधिक तर बोर्ड फुगतो. हे काम ते पोलिटेक्निकमध्ये शिकले नाहीत. उस्तादाच्या बाजूला स्टुलावर बसून शिकले. त्यांनी आम्हाला प्रामाणिकपणे हेही सांगितले की २००८ च्या त्या सदोष चिपांमध्ये तडा बहुधा चिपच्या स्वतःच्या पोटात असे, बोर्डाच्या मण्यांत नव्हे. त्यामुळे नुसते शेकून दिलेले यंत्र महिना-दोन महिने चाले आणि पुन्हा आंधळे होई. काही दुकानदारांनी ही शेकाशेकीच उपचार म्हणून विकली. "गिऱ्हाईक परत आलं की तोंड लपवावं लागायचं," असे त्यांतला एक जण म्हणाला. खरा उपाय नवी चिप लावणे, आणि ती मिळणे अवघड. पाटी सुटी असती तर हे काम दोन स्क्रूंचे होते.

पुढच्या काळात सगळेच झाळले जाऊ लागले. २०११ साली इंटेलने चित्राचा कारागीर मुख्य प्रोसेसरच्याच तुकड्यात आणून बसविला. २०१२ च्या ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये रॅमही बोर्डाला झाळलेली निघाली. काही वर्षांत इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरची खोबणीही गेली. आणि २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम-१ ही चिप आणली. तीत प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकाच पुडक्यात, एकच मेमरी दोघांनी वाटून घेतलेली. आज जगातले बहुसंख्य लॅपटॉप असे आहेत की त्यांत बदलण्यासारखे वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळातच नाही. जे नाही ते बदलता येईल काय, हा प्रश्नच उरत नाही.

इंजिनियरांची बाजू येथे नीट ऐकून घेतली पाहिजे. मेमरी आणि चिप यांच्यातले अंतर जितके कमी तितकी माहिती जलद जाते आणि वीज कमी लागते. प्रत्येक सांधा हा अडथळा असतो. हे आम्ही मानतो. निसर्गनियमाशी संप करता येत नाही. परंतु बायॉसमध्ये घातलेले कुलूप हा निसर्गनियम नव्हे. आणि नावाचा घोळ तर मुळीच नव्हे. एनव्हिडियाच्या '४०९०' या कार्डाचेच पाहा. मेजावरच्या संगणकासाठी त्या नावाने जे मिळते त्यात १६,३८४ गणक-हात आहेत. लॅपटॉपमध्ये त्याच नावाने जे मिळते त्यात ९,७२८. चिपच वेगळी. लॅपटॉपमध्ये उष्णतेमुळे थोरली चिप बसत नाही, हे समजण्यासारखे आहे; पण मग थोरलीचे नाव धाकटीला का? वाण्याने असे केले तर वजन-मापवाला दारात येतो.

२०१९ च्या जानेवारीत डेल कंपनीच्या एलियनवेअर शाखेने 'एरिया-५१एम' नावाचा लॅपटॉप दाखविला आणि याचा प्रोसेसर व ग्राफिक्स दोन्ही बदलता येतील असे सांगितले. यंत्र अवाढव्य, त्याला एकाच वेळी दोन चार्जर लागत. पण पाटी एम.एक्स.एम.ची नव्हती, डेलच्या स्वतःच्या मापाची होती. म्हणजे दार होते, किल्ली मात्र एकाच खिशात. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच यंत्राची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातले नवे भाग पहिल्या आवृत्तीच्या मालकांना बसविता येत नाहीत, बदलता येईल हे आश्वासन फसवे होते, अशी तक्रार घेऊन एका ग्राहकाने २०२१ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला.

मधल्या काळात बाहेरच्या पेटीची जुनी युक्तीही पुन्हा वर आली. ए.एम.डी.ने २००८ मध्ये एकदा प्रयत्न केला होता, तो फसला. २०१५ साली थंडरबोल्ट-३ ही जोडणी आली आणि २०१६ पासून अशा पेट्या दुकानात दिसू लागल्या: आत मेजावरच्या संगणकाचे मोठे कार्ड, बाहेर एक दोरी, ती लॅपटॉपला जोडावयाची. ज्याच्या लॅपटॉपला ती जोडणी आहे त्याला आजही हा एक मार्ग मोकळा आहे. परंतु दोरी अरुंद. आतल्या पूर्ण खाचेतून जेवढी माहिती वाहते तिच्या फार तर चौथाई या वाटेने जाते. ॲपलने २०१८ साली या पेट्यांना अधिकृत पाठिंबा दिला आणि २०२० मध्ये स्वतःची चिप आणताच नव्या यंत्रांपुरता तो काढून घेतला. ज्यांनी मधल्या दोन वर्षांत पेटी घेतली त्यांनी काय करावे हे कोणी सांगितले नाही.

मग हे अशक्यच आहे काय? आम्हीही तसेच समजून चाललो होतो. अमेरिकेत निरव पटेल यांनी स्थापलेली फ्रेमवर्क नावाची लहानशी कंपनी आहे. तिने २०२१ साली मालकाला स्वतःच्या हाताने उघडता येईल असा लॅपटॉप काढला. २०२३ मध्ये सोळा इंची लॅपटॉप जाहीर केला आणि २०२४ च्या जानेवारीपासून तो लोकांच्या हाती पडू लागला. त्याच्या पाठीमागे एक मोकळी जागा आहे, तीत ए.एम.डी.चे ग्राफिक्स असलेला भाग बसतो. जाहिरातीत हेही होते की पुढे नवा भाग येईल. असे पूर्वी पुष्कळांनी सांगितले होते. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने खरोखरच नवा भाग जाहीर केला, तोही दुसऱ्या कंपनीच्या, एनव्हिडियाच्या, चिपचा. आणि २०२४ साली घेतलेल्या जुन्या यंत्रात तो बसतो. किंमत ६९९ डॉलर.

हे कसे जमले ते पाहण्यासारखे आहे. एम.एक्स.एम.मध्ये पाटी सुटी होती, पण तांब्याची नळी आणि पंखा यंत्राचे होते, आणि भांडण नेमके तेथेच होते. येथे पंखा आणि नळी त्या भागाबरोबरच निघतात. ज्याची आग त्यानेच आपले पाणी आणावयाचे. चिप मोठी असेल तर भाग मागे थोडा बाहेर येतो, यंत्राची लांबी वाढते, एवढेच. शिवाय त्या जागेची मापे आणि जोडणीचा तपशील कंपनीने सर्वांसाठी खुला ठेवला, १९८१ साली आय.बी.एम.ने ठेवला होता तसा. यात एकही गोष्ट २००४ साली अशक्य होती असे आम्हाला वाटत नाही. वीस वर्षे ती कोणाला करावीशी वाटली नाही, कारण न करण्यात लॅपटॉप विकणाऱ्याचे काही बिघडत नव्हते. तथापि ६९९ डॉलर म्हणजे साठ हजार रुपये आहेत, आणि एका कंपनीचे एक यंत्र म्हणजे प्रथा नव्हे. ती कंपनी उद्या बुडाली तर खुले मापही कपाटात पडून राहील.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल उघडले. कंपन्यांनी आपल्या दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी अशी योजना. त्यातून ग्राहकाला सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळतो, हे ठीक आहे. पण बायॉसचे कुलूप त्याने उघडत नाही, आणि जिन्याखालच्या उस्तादाला बोर्डाचा नकाशाही मिळत नाही. तो अजून चोरवाटेने आलेल्या नकाशावरच काम करतो.

राहिला आमचा सभासद. त्याला आम्ही जे उत्तर दिले ते असे: तुझ्या लॅपटॉपचे कार्ड बदलता येणार नाही. बाहेरची पेटी लावता येईल अशी जोडणीही त्याला नाही. रॅम आणि साठवणुकीची डिस्क तेवढी बदलते, आणि तिने तुझे हे काम भागणार नाही. उस्तादाने त्याला एका बंद पडलेल्या कचेरीतला उभ्या पेटीचा जुना संगणक मिळवून दिला आणि त्यात वापरलेले पण चांगले कार्ड घातले. ते घालावयास त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पेटी आता त्याच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी उभी आहे. लॅपटॉप घेऊन तो कंत्राटदाराकडे जातो आणि चित्र घरच्या पेटीवर घडवितो.

खर्च मात्र त्याच्याच खिशातून गेला. तेव्हा त्या कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या अकरा जणांना आम्ही एकत्र बसविले. कंत्राटदाराने प्रोग्रॅमची आवृत्ती बदलण्याची अट घातली तर त्यापायी लागणाऱ्या यंत्राचा वाटा त्याने दर नगामागे द्यावा, असे एक कलम लिहून पाठविले. त्याचे पहिले उत्तर आले आहे. यंत्र तुमचे, आमचा काय संबंध, असे त्यात म्हटले आहे. दुसरी बैठक पुढच्या महिन्यात ठरली आहे.